फोटोतली ग्रीक आजी आणि आमची लाटणी

राग हा साठवणीचा पदार्थ आहे, पापडाच्या डब्यासारखा. वर्षभर माळ्यावर पडून असतो, कुणाच्या लक्षातही नसतं, आणि एक दिवस कुणीतरी झाकण उघडतं. मग एकावर एक निघतच राहतात.

दर शनिवारी दुपारी बेबीताई आणि सुनंदा माझ्याकडे येतात. विषय भाजीचा असो की कुणाच्या मुंजीचा, तिसऱ्या मिनिटाला आम्ही तिघी ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या त्या ग्रीक हॉटेलात पोचलेल्या असतो. तिथे आम्ही दहा महिने कामाला होतो. हॉटेलचं नाव मी लिहिणार नाही. कुणाच्या पोटावर पाय देणं माझ्या नेमात बसत नाही. मालकाला आम्ही 'शेफ' म्हणायचो, म्हणजे त्याने तसं म्हणायला लावलं होतं. इथेही तेच म्हणते.

मी रागीट बाई नाही. घरी विचारा हवं तर. पोथी, उपास, नेमधर्म यांत माझा दिवस जातो आणि उद्या बरं होईल यावर माझा विश्वास असतो. पण हे लिहिताना पेन कागदात रुततंय. अक्षर वाकडं आलंय, छापताना सरळ होईल.

*

आम्हाला काम कसं मिळालं, तो किस्सा आधी.

डोंबिवलीत आमच्या तिघींच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दर मे महिन्यात पापड होतात. शेफ कुणाकडे तरी पाहुणा आला होता, तो सहज वर डोकावला. बेबीताई उडदाचा पापड लाटत होती. बेबीताई मूळची मालवणकडची. हात हलका आणि जीभ धारदार.

शेफ बघतच राहिला. म्हणाला, "आंटी, ग्रीसमध्ये अशीच मैद्याची पारी लाटतात. फिलो म्हणतात तिला. खेड्यातल्या आज्या लाटतात. एकावर एक पाऱ्या ठेवून मध्ये पालक, चीज भरून भाजलं की झाली पाय, पी-आय-ई! पण इतकी पातळ लागते, की खाली पेपर ठेवला तर वाचता आला पाहिजे!"

बेबीताईने मैदा मागवला. मळला, झाकून ठेवला, लाटला. पारी सकाळच्या पेपरवर अंथरली आणि चष्मा लावून वाचायला लागली, "आजचं भविष्य. वृश्चिक. कामाच्या ठिकाणी मूर्ख माणसांपासून सावध राहा."

शेफ टाळ्या वाजवत होता. पेपरात खरंच तसं होतं की तिने मनाने घातलं, ते तिने अजून सांगितलेलं नाही. तिची रास वृश्चिक नाही, एवढं मला माहीत आहे.

दुसऱ्या सोमवारपासून सकाळी साडेआठला ठाकुर्ली स्टेशनबाहेर हॉटेलची गाडी आम्हा तिघींना घ्यायला यायला लागली. खरं सांगते, मला आनंद झाला होता. मोबाईलवर मी तिकडच्या एका खेड्यातल्या आजीचा व्हिडिओ पाहिला होता. हातभर लांब बारीक काठीने ती पाऱ्या लाटत होती आणि लाटून झाल्या की पलंगावर स्वच्छ चादर घालून त्यावर वाळवत होती. मधेच तिने पिठाचा हात कमरेला पुसला. माझी आई अगदी तस्सा पुसायची. इतक्या लांब, समुद्रापलीकडे, कुणीतरी आपल्यासारखंच लाटतंय! मला भरून आलं होतं.

*

हॉटेलात शिरताच समोरच्या भिंतीवर मोठ्ठा फोटो. डोक्याला काळा रुमाल बांधलेली, सुरकुतलेली, हसरी म्हातारी. खाली इंग्रजीत लिहिलेलं, 'आमची याया सोफिया. तुमच्या ताटातली प्रत्येक पारी तिच्या हातची.' याया म्हणजे त्यांच्या भाषेत आजी.

मी भोळेपणाने विचारलं, "या कुठे असतात?"

शेफ म्हणाला, "आंटी, ह्या इंटरनेटवर असतात."

म्हणजे पाठ मोडेस्तोवर पाऱ्या आम्ही लाटायच्या आणि नाव कुठल्या तरी अनोळखी बाईचं, जिला बिचारीला आपण ठाण्यात टांगलेल्या आहोत याचा पत्ताही नाही! आम्ही बाहेर दिसायचं नाही, असाही नियम होता. "कस्टमरला साडी दिसली की मूड जातो," हे त्याचं वाक्य. स्वतः शेफ ग्रीसला पंधरा दिवस राहून आलेला, तेही टूरबरोबर.

मग आला दसरा. सुनंदा आमच्यात धाकटी, बी. कॉम. झालेली, पण सणावाराला माझ्याहून कडक. तिने आमची लाटणी धुऊन ओट्यावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, ओव्हनला झेंडूची माळ घातली, मिक्सरला घातली. एक माळ उरली. ती तिने चांगल्या मनाने यायाच्या फोटोला घातली.

दुपारी पहिलंच कुटुंब आलं. त्यातले आजोबा फोटोसमोर थबकले, त्यांनी हात जोडले आणि शेफला हलक्या आवाजात विचारलं, "कधी गेल्या?"

शेफने एक क्षण माळेकडे पाहिलं, एक क्षण आजोबांकडे. आणि डोळ्यांना रुमाल लावून म्हणाला, "गेल्या महिन्यात."

"अरेरे. आणि आजची पाय कुणी केली मग?"

"त्यांनीच!"

*

डोल्मा नावाचा त्यांचा एक पदार्थ आहे. द्राक्षाच्या कोवळ्या पानांत भात भरून छोट्या वळकट्या करतात. तिकडे हंगामात पानं मिठाच्या पाण्यात घालून बायका बरण्या भरून ठेवतात, पुढे वर्षभर पुरवतात. आपण कैऱ्या ठेवतो तसं. मला ती गोष्ट फार आवडली होती.

एका रविवारी बरण्या संपल्या. शेफ बाजारातून अळू घेऊन आला. "पान ते पान!"

बेबीताई म्हणाली, "शेफ, ह्या अळूक चिंच व्हयी. नायतर खाजतला."

"ग्रीक डिशमध्ये चिंच? ऑथेंटिक राहणार नाही, ताई!"

"मग लिंबू तरी घाला," मी म्हटलं.

"लिंबू कस्टमर वरून पिळतील."

पंधरा मिनिटांत हॉल खाकरायला लागला. आधी एक टेबल, मग शेजारचं, मग सगळेच. एक लहान मुलगी रडायला लागली. माझा जीव राहीना. नियम बाजूला ठेवून मी सुनंदाबरोबर ताक पाठवलं. दारातून पाहिलं तर शेफ एका टेबलापाशी उभा राहून हसत हसत समजावत होता, "ग्रीसमध्ये हा स्क्रॅच येतोच, सर. डोंगरातली पानं आहेत ना!"

त्या मुलीचं रडणं आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आणि संध्याकाळी मोबाईलवर त्याच सरांचा अभिप्राय आला. पाच स्टार. 'घशात छान किक बसते.'

*

शेफच्या इतिहासाचं आणखी एक.

प्राचीन ग्रीक लोक वाइन कधी नुसती पीत नसत. मोठ्या घंगाळासारख्या भांड्यात पाणी घालून सारखी करून मग वाढत. नुसती पिणारा तो रानटी, अशी त्यांची समजूत. आणि प्यायच्या आधी पहिले थेंब देवासाठी जमिनीवर सांडत. हे खरं आहे, सुनंदाने मला वाचनालयातल्या पुस्तकातून वाचून दाखवलं. जेवणाआधी ताटाभोवती चित्राहुती घालतात आमच्याकडे, तेच मला आठवलं. मी वाइनच्या वाटेला कधी गेले नाही, जाणार नाही. पण खाण्यापिण्याआधी ज्यांना देव आठवतो, त्यांच्याबद्दल माझ्या मनात वाईट येत नाही.

शेफला मात्र यातलं एकच वाक्य आवडलं. पाण्याचं!

एक गिऱ्हाईक ग्लास घेऊन भडकलं, "ह्यात पाणी आहे!"

"सर," शेफ छाती पुढे काढून म्हणाला, "अडीच हजार वर्षांची परंपरा आहे!"

आत बेबीताई लाटता लाटता म्हणाली, "आमचो दूधवालो ग्रीकच आसतलो."

*

मग डिसेंबरात त्याने थाळ्या फोडायचा कार्यक्रम काढला. गाणं लागलं की गिऱ्हाइकांनी मातीच्या बश्या जमिनीवर आपटायच्या. 'ओपा!' म्हणून ओरडायचं. आणि गिऱ्हाइकं गेली की खापऱ्या गोळा कुणी करायच्या? आम्ही. पहिल्याच रविवारी सुनंदाच्या पायात एक तुकडा घुसला. रक्त थांबेना.

पट्टी बांधता बांधता बेबीताई शेफला म्हणाली, "शेफ, आमच्यात मडका फोडतत. पण एकदाच. आणि फोडणारो परत वळान बघणा नाय."

शेफला काहीच कळलं नाही. मी समजुतीने घेतलं. पुस्तकात होतं, की हल्ली तिकडेसुद्धा हे बंद होत आलंय, लोक बश्यांऐवजी फुलं उधळतात. मी म्हटलं, "शेफ, मी कल्याणच्या बाजारातून शेवंती आणते. स्वस्त पडेल, कुणाला लागणार नाही, शोभाही येईल."

शेफने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "आंटी, फुलांचा आवाज कुठे येतो!"

*

आता माझा स्वतःचा किस्सा. हा क्रमाने आधीचा आहे, दिवाळीतला. पण आम्ही तिघी बोलायला बसलो की हा मीच मागे ढकलत असते.

आमच्या ह्यांचं आणि मुलाचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. कारण सांगण्यासारखं नाही, म्हणजे इतकं क्षुल्लक. मी श्रावणापासून सोळा सोमवार धरले होते, की शंकरा, दोघांना एका पंगतीला बसव. दिवसभर काही खायचं नाही, संध्याकाळी पूजा, मग प्रसाद आणि जेवण. तेरा झाले, निर्विघ्न.

चौदाव्या सोमवारी हॉटेलात त्यांची एका प्रकारची बिस्किटं केली. द्राक्षाचा ताजा रस आटवून काकवीसारखा करतात आणि त्यात कणीक मळतात. अंडं नाही, लोणी नाही. तिकडच्या उपासालासुद्धा चालतात म्हणे. शेफनेच सांगितलं. म्हणाला, "आंटी, प्युअर द्राक्षाचा रस. तुमच्या देवाला न्या." त्याला दयाळूपणा सुचला म्हणून मला किती बरं वाटलं! मी पाच बिस्किटं घरी नेली, शंकरापुढे ठेवली, आणि त्यातलंच एक खाऊन सोमवार सोडला.

दुसऱ्या दिवशी सुनंदा पांढरीफटक होऊन माझ्याकडे आली. शेफ पुढच्या घाण्याचा रस आटवत होता. पातेल्यात द्राक्षं नव्हतीच. गिऱ्हाइकांच्या बाटल्यांत उरलेली लाल वाइन तो एकेक करून ओतत होता. कालही तेच केलेलं.

मी जाऊन समोर उभी राहिले. पातेल्यात वाकून पाहिलं.

शेफ हसला. "अहो आंटी, उकळलं की अल्कोहोल उडून जातं. देवाला कुठे कळतंय?"

मी म्हटलं, "देवाचं मला माहीत नाही. मला कळलंय ना आता."

एवढंच बोलले. बेबीताई अजून मला त्याबद्दल बोलते. तिच्या मते तेव्हाच ते पातेलं त्याच्या डोक्यावर उपडं करायला हवं होतं. माझ्याही मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. वाइनचा राग नव्हता. विश्वासाने विचारलेल्याला कुणी असं फसवतं, याचा होता. घरी आले, देवापुढे बसले, रडले. मार्गशीर्ष लागला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पहिला सोमवार.

काम का सोडलं नाहीस, असं मुलगा फोनवर ओरडला. सुनंदाचं घर त्या पगारावर चालत होतं आणि तिघींपैकी एक गेली तर शेफ तिघींना काढणार होता. म्हणून.

*

आणि हा शेवटचा.

ईस्टरच्या आधी त्या लोकांचा मोठा उपास असतो, आठवडेच्या आठवडे. मांस, अंडी, दूध, लोणी, चीज सगळं बंद. कडक पाळणारे तर शनिवार-रविवार सोडून बाकीच्या वारी तेल आणि वाइनसुद्धा सोडतात. वाइनसुद्धा! उपासाचा पहिला दिवस नेहमी सोमवारीच येतो. 'स्वच्छ सोमवार' म्हणतात त्याला. बायका घरातली भांडी राखेने घासून लख्ख करतात, की मागचा तुपकटपणा राहू नये. हे मला कळलं तेव्हा मी सुनंदाला म्हटलं, "अगं, ह्या तर आपल्याच!"

शेफने त्या सोमवारी बोर्ड लावला. 'ग्रीक उपवासाची थाळी. दूध, लोणी, अंडं नाही.' त्यात पालकाची पाय, फक्त तेल लावलेली.

तो माझा चौदावा सोमवार होता. दुसऱ्या खेपेचा चौदावा.

सकाळी तेलाचा डबा संपलेला निघाला. शेफने लोण्याचा डबा पुढे सरकवला. "हे लावा."

"थाळी उपासाची ना?"

"ती वेगळी करतोय मी. ही रोजची." असं म्हणाला तो. मी प्रत्येक पारीला लोणी लावलं.

दुपारी एक म्हातारी आली, मुलाबरोबर. मुलगा ठाण्यात कुठल्याशा कंपनीच्या कामासाठी आलेला. तिच्या डोक्याला काळा रुमाल होता. खरी याया! सुनंदा आम्हाला हाताला धरून दारापाशी घेऊन गेली, म्हणाली, "बघा तरी!" फोटोतल्या बाईपेक्षा ठेंगणी होती आणि मुळीच हसत नव्हती.

तिने उपासाची थाळी मागवली. ताट आलं. त्यात मी लाटलेली, मी लोणी लावलेली तीच पाय होती.

म्हातारीने ताटाकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. मुलाने इंग्रजीत विचारलं, "बटर नाही ना? आईचा आज उपास सुरू होतो."

"नो बटर, सर. प्युअर फास्टिंग!" शेफने छातीवर हात ठेवला.

तिने छातीवर क्रूसाची खूण केली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. काटा उचलला.

माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता. पण त्या क्षणी माझ्या अंगात जी ताकद आली, ती कुठून आली मला ठाऊक नाही. साडी, पिठाचे हात, सगळ्यासकट मी हॉलच्या मधोमध गेले आणि ओरडले, "स्टॉप! बटर! बटर आहे त्यात! मी लावलंय! मी!"

सगळी टेबलं वळली. काटा तोंडापासून दोन बोटांवर थांबला.

शेफ हसत हसत जवळ आला आणि दात न उघडता म्हणाला, "आंटी, आत जा."

"खोटं आहे ते," मी त्या मुलालाच मराठीत सांगत सुटले. "उपास आहे त्यांचा. मोडेल. मोडला की काय होतं, मला विचारा!"

"उद्यापासून येऊ नका," शेफ म्हणाला. "तिघीही."

म्हातारीने काटा खाली ठेवला. मुलाला काहीतरी विचारलं. सुनंदाने मुलाला इंग्रजीत सगळं सांगितलं. पारी कोण लाटतं, लोणी कसं लागलं, ह्या काकूंचाही आज उपास आहे, सोळातला चौदावा. मुलाने आईला सांगितलं. तिला काय काय समजलं देव जाणे. ती उठली आणि माझे दोन्ही हात धरून उलटे-सुलटे करून पाहायला लागली. पीठ बघितलं. लाटण्याने पडलेले घट्टे अंगठ्याने चाचपले. मग तिने स्वतःचे तळवे माझ्यापुढे धरले. तेच घट्टे. त्याच जागी.

ती माझ्याबरोबर सरळ आत आली. शेफ मागून "मॅडम, मॅडम" करत. मी माझ्या पिशवीतला डबा उघडला. संध्याकाळी वाटेतल्या देवळात ठेवायला केलेले प्रसादाचे शेंगदाण्याचे लाडू होते. मी बोटांनी खुणा केल्या, "नो बटर. नो मिल्क. दाणे आणि गूळ." तिने एक घेतला, माझ्याकडे रोखून पाहिलं. फक्त माझ्याकडे. आणि खाल्ला.

मग तिने आमच्या तिघींची लाटणी पाहिली, पोळपाट पाहिले, अर्धी लाटलेली पारी उचलून खिडकीच्या उजेडाला धरली. मान हलवली. आणि बोटाने हॉलकडे दाखवत मुलाला एक प्रश्न विचारला. मुलाने शेफला विचारलं, "आई विचारतेय, भिंतीवर जी आहे, ती कोण?"

शेफ म्हणाला, "ती? ती आमची याया. सगळं तीच..."

म्हातारी त्याचं वाक्य पुरं व्हायची वाट न बघता बाहेर गेली. खुर्चीवर चढली. मुलगा धावला, पण तिने तोवर फोटो खिळ्यावरून काढला होता. तो दोन्ही हातांनी छातीशी धरून आत आणला, ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. मग ओट्यावरचं माझं लाटणं घेतलं, पदराने पुसावं तसं आपल्या झग्याला पुसलं आणि फोटोसमोर ठेवलं.

शेफकडे वळून, फोटोकडे बोट दाखवत ती एकच वाक्य बोलली. मुलाने इंग्रजीत सांगितलं, सुनंदाने मराठीत.

"उद्यापासून हिच्याकडून लाटून घे."

बेबीताईने आपलं लाटणं पुढे येऊन माझ्या लाटण्याशेजारी ठेवलं.

मग सुनंदाने तिचं.